मास्तरांनी तपासलेल्या कॅसेटी

फणस फोडायला बसलं आणि एकच गरा काढून उठलं, असं कधी होत नाही. आमच्या कॅसेटींच्या गोष्टींचं तसंच आहे. एक विचारली की पाच चिकटून येतात. त्यातून मी मूळचा बोलका, तेव्हा आता बसाच.

आम्ही तिघं. मी विश्वनाथ, ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान चालवायचो. सॅम्युअल भालेराव टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता. आणि राजिवड्याचा अब्बास बोटीवर खलाशी. नऊ महिने समुद्रात, तीन महिने आमच्या डोक्यावर. वेड तिघांना एकच, ख्रिस्ती मेटल. केस वाढवलेली, चामडी जाकिटं घातलेली गोरी पोरं गिटार बडवत, घसा फोडून येशूचं नाव घेतात, ते संगीत. अख्ख्या रत्नागिरीत त्याचे श्रोते तीन. चौथे नंतर मिळाले.

* * *

पहिली कॅसेट आली तीच चुकून. अब्बासने कुठल्याशा बंदरात ती बघितली, वर हा मोठा क्रॉस. त्याला वाटलं भजनं असतील. घेतली आणि सॅमच्या वडिलांना भेट दिली. भालेराव मास्तर म्हणजे तीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झालेले, चर्चमधलं मोठं माणूस.

रविवारी चर्च सुटल्यावर घरी पाहुणे आले. मास्तरांनी सगळ्यांना चहा दिला, "आमच्या अब्बासने परदेशातनं भक्तिगीतं आणलीयेत" म्हणून कौतुक केलं. सॅमने बटण दाबलं. पहिल्याच ठोक्याला एका बाईंच्या हातातली बशी सुटली आणि कुणाच्या तरी मांडीवरचं एक पोर रडायला लागलं.

मास्तर उठले नाहीत, ओरडले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "विश्वनाथ, त्याला सांग, बंद कर."

'त्याला' म्हणजे सॅमला. सॅम टेपला चिकटून बसलेला, मास्तरांपासून दोन हातांवर.

अब्बास मात्र परत जाताना वाटभर म्हणत होता, "पण मेल्या, क्रॉस तर केवढा मोठा होता!"

* * *

हे 'त्याला सांग' प्रकरण आधी सांगायला हवं होतं.

सॅमला मास्तरांनी पाद्री व्हायला पुण्याला पाठवलं होतं. त्याच्या आईचीही तीच इच्छा. आई गेली, आणि पुढच्याच वर्षी सॅम शिक्षण अर्धवट सोडून परत आला. म्हणाला, "मला जमणार नाही, खोटं कशाला वागू?" त्या दिवसापासून मास्तर त्याच्याशी बोलायचे बंद झाले. भांडण नाही, आदळआपट नाही. घरात दोनच माणसं, ती कॅसेट आली तेव्हा तीन वर्षं झालेली, आणि निरोप्या मी.

मी त्यांच्याकडे जेवायला असलो की "त्याला विचार, आमटी हवी का." सॅमचं उत्तर, "सांग, हवी." आमटीचं भांडं दोघांच्या मध्ये.

एकदा मास्तर भर मे महिन्याच्या उन्हात मांडवीच्या घरून चालत माझ्या दुकानात आले. म्हणाले, "त्याला सांग, मी चर्चच्या सभेला जातोय, किल्ली शेजारच्या बर्व्यांकडे ठेवलीय." सॅम तिथेच स्टुलावर बसला होता. मी म्हटलं, "सॅम, किल्ली बर्व्यांकडे." तो म्हणाला, "सांग, कळलं." मास्तरांनी मान हलवली आणि गेले.

अब्बासला हे सहन व्हायचं नाही. "दिवसभर लोकांची बोलणी जोडून देतोस रे तू," तो सॅमला म्हणायचा, "आणि घरची लाइन तेवढी डेड."

सॅम हसायचा. पण एकदा माझ्याजवळ म्हणाला, "विश्या, पप्पांच्या तोंडून माझं नाव ऐकून किती दिवस झाले रे." मी सोल्डरिंग आयर्न उगाच पुसत बसलो.

* * *

कॅसेटी वाढत गेल्या. नावं आम्हाला उच्चारता येईनात, म्हणून आमचीच ठेवली: तलवारवाली, विजेवाली, टकलूवाली. एक तर अशी होती की बारा गाणी, आणि चहा उकळायच्या आत एक बाजू संपायची. अब्बास म्हणाला, त्याला हार्डकोर म्हणतात. माझ्या आईने त्याला 'घाईवाली' नाव दिलं.

त्याच घाईवालीचा मी बागेत प्रयोग केला. आंब्यावर वानरं फार झाली होती. टेप झाडाखाली नेऊन आवाज पूर्ण सोडला. पहिल्या दिवशी वानरं पळाली. दुसऱ्या दिवशी फिरकली नाहीत. तिसऱ्या दिवशी आली आणि बागेच्या दगडी गडग्यावर ओळीने बसून ऐकायला लागली. आई म्हणाली, "आता त्यांना चहा पण दे."

* * *

मास्तरांना स्वस्थ बसवेना. घरात येशूच्या नावाने काय ओरडलं जातंय हे तपासलंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. मला म्हणाले, "त्याला सांग, कॅसेटी माझ्या टेबलावर ठेव. मजकूर बघून निर्णय देईन."

 मास्तर नाही म्हणाले की संपलंच.

आठ दिवस मास्तर स्पीकरला कान लावून बसले. एक ओळ ऐकायची, मागे घ्यायची, परत ऐकायची, वहीत उतरवायची. आठव्या दिवशी वही माझ्या हातात दिली. सुंदर तिरपं अक्षर, समासात लाल शाईने बायबलचे अध्याय आणि वचनं. जिथे काहीच कळलं नाही तिथे टिंबं. आणि प्रत्येक कॅसेटीला दहापैकी मार्क.

तलवारवाली: 'मजकूर निर्दोष. वाचन भिकार. सहा.'

घाईवाली: 'विद्यार्थ्याला घंटा होण्याची भीती वाटते. साडेचार.'

सॅमने ती वही उभ्या उभ्या पूर्ण वाचली. मग उशाशी ठेवायला घेऊन गेला. आम्हाला पुन्हा कधी दिली नाही.

* * *

नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात आम्ही वर्षाच्या उत्तम पाच कॅसेटी निवडायचो. सॅमच्या अंगणात बसून, मास्तरांचे मार्क धरून. अब्बासची कसोटी सोपी, ज्यात ड्रमवाला जास्त दमलाय ती पहिली.

तोच एका वर्षी सांगत होता. मुंबईला उतरल्यावर कस्टमच्या साहेबाने त्याची बॅग उघडली. आत अकरा कॅसेटी, सगळ्यांवर क्रॉस. साहेबाने पासपोर्टवरचं नाव बघितलं, कॅसेटी बघितल्या, परत नाव बघितलं.

"ह्या तुझ्या?"

"नाय साहेब, शेजारच्या मास्तरांच्या. तपासायला नेतोय."

साहेबाने बॅग बंद करून दिली.

* * *

आणि मग ते वर्ष, सॅमची नाशिकला बदली झाली तेव्हाचं. दोन जानेवारीला निघायचं. हुकूम मीच मास्तरांना सांगितला. ते "बरं" म्हणाले आणि आत गेले. नाताळ झाला, तरी मुलाशी एक शब्द नाही. हा असाच गेला तर मध्ये मीही नसणार, मग ही दोघं काय करणार, या विचाराने मला जेवण जाईना.

एकतीस तारखेला संध्याकाळी निवडीसाठी जमलो, तर विजेवाली सापडेना. त्या वर्षी पहिली तीच येणार होती. शोधाशोध चालली असताना मास्तर टॉवेलमध्ये काहीतरी गुंडाळून बाहेर आले. टॉवेल उघडला. आत विजेवाली, आणि तिच्यातून बाहेर आलेल्या फितीचा हा एवढा गुंता.

"विश्वनाथ," मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी रोज दुपारी ऐकतो. आज मशिनने खाल्ली."

 दुपारी सॅम ड्युटीवर असायचा.

मी गुंता सोडवला. फीत तुटली नव्हती, पण पीळ पडलेला. मी म्हटलं, "एकाने पेन्सिलीने गुंडाळायचं आणि दुसऱ्याने टोकाची घडी बोटात धरून, ताणून, सावकाश पुढे यायचं." मी पेन्सिल घेणार तोच अब्बासने माझा शर्ट मागून धरला. "तू बस," म्हणाला. पेन्सिल त्याने मास्तरांच्या हातात दिली आणि फितीची घडी सॅमच्या बोटात.

सॅम मागे मागे जात गडग्याला टेकला. मास्तर पायरीवर बसून पेन्सिल फिरवायला लागले. मध्ये अंगणभर ती तपकिरी फीत. खाडीकडून वारा सुटला आणि फीत फडफडायला लागली.

"विश्वनाथ, त्याला सांग..." मास्तर सुरू झाले. मी तोंड उघडलं, तर अब्बासने माझ्या तोंडावर हात ठेवला. फितीला पीळ बसू लागला.

"सॅम, ओढू नको. तुटेल."

सॅमचा चेहरा मी बघू शकलो नाही. आवाज तेवढा ऐकला. "नाही ओढत, पप्पा."

मास्तर पेन्सिल फिरवत राहिले. सॅम एकेक पाऊल पुढे येत राहिला. अंगण निम्मं झालं असेल.

"नाशकाला थंडी फार असते म्हणतात," मास्तर म्हणाले. "माझा काळा कोट घेऊन जा."

तो कोट म्हणजे त्यांचा लग्नातला. मे महिन्यातसुद्धा दर रविवारी तोच घालून ते चर्चला जायचे.

सॅम आता पायरीपाशी आला होता. म्हणाला, "मग तुम्ही काय घालाल?"

मास्तर म्हणाले, "रत्नागिरीत कोट कोण घालतं?"