पानमळ्याबाहेरचा तास

नववीच्या वर्गाला मी ‘एका बागेला भेट’ या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहायला सांगितल्या, तर सगळ्या वह्यांत एकच कारंजं उडत होतं. कारंज्याशेजारी गुलाब, गुलाबाशेजारी हिरवळ, हिरवळीवर हसणारी मुलं. सगळं गाइडमधलं. अंजनगाव सुर्जीत इतकी वर्षं शिकवते आहे, मला तरी असं कारंजं कुठे दिसलेलं नाही. गावाबाहेर विड्याच्या पानांचे मळे मात्र आहेत आणि त्या मळ्यांतली पोरं माझ्याच वर्गात बसतात. त्यांच्याही वहीत कारंजंच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोरांवर नाही, त्या गाइडवाल्यावर.

मग मी सांगितलं, आपापल्या घरचं, शेतातलं, दारातलं झाड बघा आणि त्यावर लिहा. चुका झाल्या तर होऊ देत. पुढच्या आठवड्यात एक मुलगी पानभर लिहून घेऊन आली. ही इंग्रजीच्या तासाला कधी तोंड उघडत नसे. प्रश्न विचारला की उभी राहायची, पायाच्या अंगठ्याकडे बघायची आणि खाली बसायची. तिच्या वडिलांचा पानमळा होता आणि तिनं त्याच्याबद्दलच लिहिलं होतं. मी वाचलं आणि तिथल्या तिथे ठरवलं, आता तास पानमळ्यातच घ्यायचा, आणि पहिलं वाचन हिचं.

ती लगेच तयार झाली नाही. “पोट्टे हासतीन मॅडम,” म्हणाली. मी म्हटलं, हसले तर माझ्याशी गाठ आहे. मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोर वाचायचा सराव करायची. पहिल्या दिवशी नुसता श्वास ऐकू आला. हळूहळू शब्द यायला लागले. मला तर आनंदानं झोप लागेना, इतकी मी त्या पोरीत गुंतले होते.

परवानगी मागायला मी मळ्यावर गेले, तेव्हा तिच्या आईनं चहा दिला आणि मला बाजूला घेतलं. “मॅडम, चपला बाहेर काढा लागतीन. अन् पोरींले सांगून ठेवजा, ज्यांची अडचण असंन त्याइनं आत नाई यायचं. वेल कोमेजते म्हनतात.” मला हे पटत नाही. मासिक पाळीनं वेल कोमेजतो यावर माझा काडीचा विश्वास नाही आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. पण मळा त्यांचा होता. मी तास मागायला गेले होते, त्यांना शहाणं करायला नाही. मुलींना मी वेगळं बसवून हा नियम सांगितला. मळ्यावर जायच्या दिवशी दोघी शाळेतच आल्या नाहीत, ताप आला म्हणून निरोप पाठवला.

जानेवारीतली सकाळ होती. आम्ही तुरीच्या शेतांमधून चालत गेलो. बहुतेक पोरं कपाशी आणि हरभऱ्याच्या घरची, पानमळा त्यांनी आतून कधी पाहिलेला नव्हता. मळ्याला चारी बाजूंनी गवताच्या दाट ताट्या बांधलेल्या असतात, त्यामुळे बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. फाटकाशी चपलांचा ढीग पडला. पोरांनी फोटो काढायला माझा मोबाइल मागितला. तिचे वडील हौसेनं पुढे झाले.

ती तेवढी फाटकापासून चार हात दूर उभी राहिली. हातात कागद.

“ये ना वं, उभी काहून राह्यली? तूच दाखवनार होती ना सारं?” वडील म्हणाले.

“सँडलचा पट्टा तुटला,” ती म्हणाली.

“मंग काय झालं? चपला तं काढाच लागतात,” एक मुलगा म्हणाला आणि त्याच्या मागचे दोघे हसले.

ती फाटकाच्या आत उभ्या असलेल्या आईकडे बघत होती. आईनं अगदी थोडी मान हलवली, नाही म्हणून. मला कळलं. घरून निघेपर्यंत काही नव्हतं, वाटेतच झालं असणार. बाकीच्यांना ताप येऊ शकत होता. हिचा स्वतःचा मळा, हिचंच वाचन, हिला कुठला ताप येणार? आणखी दोन मिनिटं ती तशी उभी राहिली असती, तर सगळ्या पोरांना समजलं असतं. मग ही पोरगी वर्गात पुन्हा तोंड उघडणार नाही याची मला खात्री होती.

“भाऊ,” मी तिच्या वडिलांना मोठ्यानं म्हटलं, “मला आज आत येता यायचं नाही. माझी अडचण आहे.”

वडिलांनी एकदम मान खाली घातली आणि उगाच ताटीची दोरी आवळायला लागले. मुलं एकमेकांकडे बघेनात. मघाशी हसलेले दोघे आकाश बघत होते.

“आणि शिक्षिकेशिवाय वर्ग आत जाणार नाही,” मी पुढे म्हटलं. “तेव्हा तास इथेच. बसा सगळे.”

वय माझं छप्पन्न. केस रंगवणं मी केव्हाच सोडलं आहे. तिच्या आईनं माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं आणि आतून सतरंजी आणली. बांधावर लिंबाच्या सावलीत आम्ही बसलो. पोरांची कुरकुर सुरू झाली. एवढं चालत आलो आणि बाहेरच बसायचं? मी म्हटलं, आत काय आहे ते सांगणारी आहे ना आपल्याकडे. ऐका.

ती उठली. पहिलं वाक्य तिनं अर्ध्यावरच सोडलं. दुसऱ्यांदा नीट आलं. आमच्या बागेत दुपारीही संध्याकाळ असते, असं तिनं इंग्रजीत म्हटलं. आत गेलं की आधी गारवा लागतो, मग ओल्या मातीचा वास येतो, आणि मग डोळ्यांना दिसायला लागतं. वेल शेवग्याच्या झाडांवर चढतात. उंच गेले की बाबा त्यांना हळूच खाली उतरवतात आणि मातीत निजवतात, म्हणजे ते पुन्हा चढू लागतात. क्रियापदं इकडची तिकडे झाली होती. मी एकही दुरुस्त केलं नाही.

कागद संपला, पण तास संपला नाही. मघाशी चपलांवरून बोललेल्या मुलानं हात वर केला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, आत साप असतात का? असतात, ती म्हणाली, पण बाबा त्यांना मारत नाहीत, ते उंदीर खातात. मग दुसरीनं विचारलं, तिसऱ्यानं विचारलं. किती अंधार? पान तोडताना दुखत नाही का वेलाला? खरंच माहीत करून घ्यायचं आहे म्हणून या वर्गानं इंग्रजीत प्रश्न विचारल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. ती न बघता, न घोकता उत्तरं देत होती. तिचे वडील फाटकाशी उकिडवे बसून ऐकत होते. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, तरी ते उठले नाहीत.

निघताना मुलं पुढे गेली. तिच्या आईनं ओल्या फडक्यात बांधलेली पानं माझ्या हातात दिली.

“मॅडम, तुमची अडचण तं कव्हाचीच सरली असंन,” ती हळू आवाजात म्हणाली.

“हो,” मी म्हटलं.

तिनं पदर सारखा केला. “मी लगन होऊन आली तवापासून दर मयन्याले चार दिवस या बांधावर बसते. माह्यासंग कधी कोनी बसलं नाई. माह्या पोरीसंग आज अख्खा वर्ग बसला.”