खलाशाच्या खिशातली सुकेळी
सुकेळ्यांची, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांची, पुडी नाकाशी धरली की मला माझा खलाशी आठवतो. फुलपाड्याच्या सायबर कॅफेत बसून मी एका ऑनलाइन खेळात शिरू पाहत होतो. तिथे आपलं पात्र लिहून पाठवायचं आणि ते खरं वाटतं का, हे जुने खेळाडू ठरवायचे. माझा खलाशी कशालाच घाबरत नसे, म्हणून नापास झाला होता. आता शेवटची संधी होती. घरी बायकोनं खलाशाबद्दल लिहिलेला माझा कागद वाचला. “अहो, पाल दिसली की खुर्चीवर चढता तुम्ही. आणि इतके महिने समुद्रावर, याला घर आठवत नाही?” मग मी खलाशाच्या खिशात त्याच्या बायकोनं दिलेली सुकेळी ठेवली. संपतील म्हणून तो खात नाही, नुसता वास घेतो. खलाशी पास झाला. परवा गावाहून परतलो, तर बॅगेत जाताना बायकोनं घातलेली सुकेळ्यांची पुडी तशीच बांधलेली. पुडी बघून ती म्हणाली, “आता तुम्हीही पटलात.”