एका माणसाचा कुकर

जुने सहकारी भेटले की किस्से निघतातच. माझी पंचाईत अशी, की माझे किस्से ऐकून लोक आधी खो खो हसतात आणि मग उठून उगाच घरी फोन लावतात!

नव्वदीची शेवटची वर्षं होती. पुणं सोडून मी बंगळूरला गेलो होतो. माझे सगळे मित्र सॉफ्टवेअरमध्ये. मी पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका कुकरच्या कारखान्यात. मालक निपाणीचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मराठी बोलता बोलता अण्णा कन्नडमध्ये शिरायचे आणि आपल्याला तिथेच सोडून द्यायचे!

*

एक दिवस अमेरिकेतल्या एका दुकानाची चौकशी आली. तिकडच्या आपल्या लोकांना भांडी विकणारं, पण फक्त इंटरनेटवरचं दुकान.

"कुठल्या रोडवर आहे?" अण्णांनी विचारलं.

"रोडवर नाही, अण्णा. कॉम्प्युटरवर."

"म्हणजे भाडं नाही?"

"नाही."

"नोकर?"

"तेही नाहीत."

"गिऱ्हाईक तरी दिसतं का हो त्याला?"

"नाही दिसत."

मला वाटलं, अण्णा खूश होतील. ते म्हणाले, "पाप!" कन्नडमध्ये पाप म्हणजे बिचारा. "दिवसभर एकटाच बसत असेल हो तो!"

*

त्या दुकानदाराची अट एकच होती. नेहमीचे कुकर त्याच्याकडे ढिगानं होते. लोकांना हवंय पण कुठेच मिळत नाही, असं काहीतरी पाठवा. ते शोधायचं काम माझ्याकडे आलं.

त्याची गिऱ्हाइकं म्हणजे एकटी राहणारी इंजिनिअर मुलं. तशी मुलं बंगळूरमध्येही गल्लोगल्ली होती. मी त्यांच्या खोल्यांवर जाऊन विचारत सुटलो, "स्वयंपाकघरात तुम्हाला काय कमी पडतं?"

सगळे म्हणायचे, "काही नाही." एक नागपूरचा मुलगा मात्र बराच वेळ विचार करून म्हणाला, "आई."

मी अण्णांना तसंच सांगितलं. अण्णा म्हणाले, "ते आपण बनवत नाही. पुढं?"

*

पुढचं आपोआप सापडलं. जयनगरात एका मुलाकडे पाणी प्यायला आत गेलो, तर शेगडीवर हा भलामोठा कुकर! झाकण उघडं, आणि तळाशी मूठभर भात, खालून करपलेला.

"एवढा मोठा कशाला?"

"आईनं दिलाय. घरी आम्ही सात जण आहोत."

"आणि इथे?"

"इथे... भात उरतो."

मी तसाच बस पकडून पीण्याला परतलो. "अण्णा, मिळालं! एका माणसाचा कुकर!"

*

नमुना तयार झाला. इटुकला, देखणा. आता वापरून कोण बघणार? आमच्या ऑफिसात हिशेब आणि ई-मेल सांभाळणारी पद्मा होती. ती म्हणाली, "सर, तुम्हीच की! तुमच्यासारखं गिऱ्हाईक शोधून मिळायचं नाही!"

मला राग आला. पण कुकर घेऊन गेलो. रविवारी यशवंतपूरच्या माझ्या खोलीत वरण-भात लावला.

सोमवारी अण्णांनी विचारलं, "कसं झालं?"

"परफेक्ट! शीतसुद्धा उरलं नाही."

"मग तोंड का असं?"

"काही नाही, अण्णा. आजवर उरायचं, तेव्हा वाटायचं, कुणी आलं तर होईल."

दुपारी अण्णांनी आपला डबा माझ्यासमोर सरकवला. "स्वल्प घ्या," म्हणाले.

*

कुकर चालला. धडाधड ऑर्डरी आल्या. तक्रार एकच होती, शिट्टीची! तिकडच्या भिंती पातळ. शिट्टी झाली की शेजारी दार वाजवायचे. दुकानदारानं बिनआवाजाची शिट्टी मागितली. आम्ही खटपट करून ती केली. वाफ नुसती फुस्स! दुकानदार खूश.

तेवढ्यात एक कुकर परत आला. काही बिघडलं होतं का, असं आम्ही विचारलं. दुकानदारानं गिऱ्हाइकाचं उत्तर जसंच्या तसं कळवलं: "जुनी शिट्टी द्या. शेजारी भांडायला का होईना, यायचा तरी!"

*

आणि एकदा चक्क एक गिऱ्हाईकच कारखान्यात आलं! सतीश नाव. अमेरिकेत आमचा छोटा कुकर घेतलेल्या पहिल्या काही जणांतला. सुट्टीवर आला होता, नुकतंच लग्न झालं होतं, सासर बंगळूरचंच. बायकोला, वैशालीला घेऊन कुकर कुठे बनतात ते बघायला आला होता. अण्णांना कोण आनंद! पद्माला पिटाळून म्हैसूरपाक मागवला, दोघांना मशीन न् मशीन दाखवलं. सतीश पुढे, वैशाली चार पावलं मागे.

निघताना अण्णांनी फळीवरचा मोठा कुकर काढला, स्वतःच्या पंच्यानं पुसला आणि वैशालीच्या हातात दिला. "घे मगळे, घे पोरी, आमच्याकडून आहेर. आता काय, एका माणसाचा कुकर पुरतोय होय!"

तिनं तो नीट बघितला. झाकण लावलं, काढलं. मग हळूच टेबलावर ठेवला.

"अण्णा, याच्याऐवजी तो छोटाच द्याल?"

अण्णा हसले. "अगं, दोघांना कसा पुरायचा तो?"

सतीश खिडकीतून बाहेर बघत होता.

"त्याचा त्याच्याकडे आहे," ती म्हणाली. "मला माझा हवाय."