बेटावरची लिंबं

आमच्या गंगापूर रोडच्या बिल्डिंगमधले तळमजल्यावरचे काका रिक्षात बसण्याआधीसुद्धा तिला नमस्कार करतात. ग्रीसच्या एका बेटावर आम्ही चार जाड चाकांच्या क्वाड बाइकवरून फिरायला निघालो, तेव्हा त्यांनी सगळ्यांना अडवलं. "अहो, अशी कशी काढता गाडी?" म्हणत हॉटेलच्या झाडाखालची लिंबं वेचून त्यांनी प्रत्येक चाकाखाली ठेवली. गाइड घड्याळ दाखवत चिडचिडला. काकांनी त्याच्याही चाकांखाली ठेवली.

मग दिवसभर धूळ आणि निळाशार समुद्र. "सावकाश रे!" असं आम्हाला ओरडत काका स्वतः सुसाट! कॅमेऱ्यातला रोल दुपारीच संपला.

संध्याकाळी गाइडने काकांना हाताला धरून आपल्या घरामागच्या अंगणात नेलं. तिथे त्याच्या बायकोची कोरी स्कूटर उभी होती. त्याने खिशातून दोन लिंबं काढून काकांच्या हातावर ठेवली.