वहिनींचा पाय

माझ्या टायरच्या दुकानाला लागूनच त्याचं गॅरेज. आम्ही त्याला कानसेन म्हणायचो. टर्बोच्या इंजिनाने आत जरा टकटक केली की ती आधी याला ऐकू यायची. "माझं मात्र कधी ऐकू येत नाही," असं वहिनी, म्हणजे त्याची बायको, येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या.

पण नुसत्या कानावर त्याने कधी काम केलं नाही. गाडीला लॅपटॉप जोडायचा, मोकळ्या रस्त्यावर ती पूर्ण दाबून पळवायची आणि हवा किती आली, पेट्रोल किती पडलं, ठिणगी कधी पडली याची सगळी नोंद घ्यायची. त्याला तो लॉग म्हणायचा. लॉग पाहून इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलायचे. लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी हा, आणि गाडी चालवायला वहिनी. तसा पाय मी दुसरा पाहिला नाही. लॉगमधली त्यांच्या पेडलची रेघ पट्टी लावून ओढल्यासारखी यायची. माझी रेघ करवतीसारखी येते, हे ऐकवायला तो कधी चुकला नाही.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. किरकोळ म्हणता म्हणता दुखणं हाताबाहेर गेलं. त्यानंतर त्यांची लाल गाडी तो अधूनमधून जागेवरच सुरू करायचा, पण चालवायचा नाही. "विकून टाक," मी एकदा म्हणालो, तर त्याने माझ्याशी बोलणंच टाकलं. मीही काही कमी नाही, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी चहा घेऊन तोच आला.

"अरे, कॉम्प्युटर चालवणाऱ्याची सवय शिकतो. पाय कसा पडतो, कुठे उचलतो, तसं जुळवून घेतो. ही गाडी तिच्याशिवाय कोणी चालवली नाही. तिची सवय अजून आहे त्यात."

विकायचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

मग लेकीला परगावी नोकरी लागली आणि तिने आईची गाडी मागितली. नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. पण वहिनी चालवायच्या तेव्हापासूनच चढावर इंजिन टकटक करत होतं, आणि तशी गाडी पोरीच्या हाती देणं म्हणजे इंजिनाची वाट. "ठिणगीचे तेवढे आकडे बदलतो. शिकलेल्याला हात लावत नाही," त्याने मला बजावून सांगितलं, जणू मीच लावणार होतो.

कोणतीही गाडी आली की आधी जुनं शिकलेलं पुसायचं, मग कामाला लागायचं, ही त्याची जन्माची पद्धत. सकाळी लॅपटॉप जोडला. लेकीने सीट पुढे कशी घ्यायची ते विचारलं. तो तिला सांगत होता आणि बोटं आपल्या सवयीने चालली होती. पुसू का, असं लॅपटॉपने विचारलं. बोटांनी हो म्हटलं.

"काय झालं, बाबा?"

"पुसलं गेलं."

मी म्हणालो, "त्यांचे जुने लॉग आहेत ना तुझ्याकडे?"

"ते फोटो रे. इथे ती होती."

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी उगाच चाकातली हवा तपासत बसलो.

"पुन्हा शिकेल ना?" लेकीने विचारलं.

"शिकेल. आता तुझा पाय शिकेल."

दोघं चक्कर मारून आले. लेकीची रेघ माझ्यापेक्षा वाईट होती. तो तिला काहीच बोलला नाही. तिनेच विचारलं, "आई कसं दाबायची? पाय कसा ठेवायची?"

त्याने वाकून पेडलकडे बघितलं.

"माहीत नाही गं," तो म्हणाला. "मी लॅपटॉपकडे बघत असायचो."