नाल्यापलीकडची ट्राम

गुलबर्ग्यात ट्राम यायची होती, असं आज सांगितलं तर लोक हसतात. पण तिचा नकाशा मी माझ्या हातानं काढलाय.

तेव्हा मी तिथल्या एका सरकारी कचेरीत कनिष्ठ अभियंता होते. चिंताकी गावच्या बौद्ध शेतकरी घरातली, बिदरला डिप्लोमा केलेली. कचेरीत बाईमाणूस मी एकटीच. डिझेल महाग झालं होतं, म्हणून शहरात विजेची ट्राम चालेल का ते बघा, असं वरून पत्र आलं. आमचे साहेब म्हैसूरकडचे. तरुणपणी ते कलकत्त्यात राहिलेले, त्यामुळे पत्र वाचून त्यांना हुरूप चढला. टेबलावर शहराचा नकाशा पसरून त्यांनी तीन मार्ग आखले. तिसरा मार्ग स्टेशनजवळच्या डाळ मिलपासून निघून बाजारातून जायचा आणि नाल्याच्या अलीकडंच संपायचा.

"साहेब, पुढं?" मी विचारलं.

"पुढं काही नाही." नकाशा तिथं खरंच कोरा होता.

त्या कोऱ्या जागेतच मी राहत होते, माझ्या आत्याकडं. आत्या डाळ मिलमध्ये तूर पाखडायला जायची. तिच्यासारख्या कितीतरी बायका उजाडता उजाडता नाला उतरून, पलीकडचा चढ चढून, सगळं गाव तुडवत मिलवर जायच्या. नाल्याला पाणी आलं की त्या दिवसाचं काम बुडालंच.

मी साहेबांना हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "ट्रामचं चाक लोखंडाचं, रूळही लोखंडाचा. एवढ्या चढावर ते घसरेल. चढ कमी करता येतो हे मोजून दाखव. तोंडी नको."

मग मी रविवारी कचेरीतलं मोजणीचं यंत्र मागून घेतलं. सोबत आमचे चेनमन, कचेरीतले सगळ्यांत जुने. जमिनीची उंची मोजायची ती मापाची पट्टी ते धरायचे आणि मी दुर्बिणीतून आकडा वाचायची. आधी बायकांची पायवाट मोजली. साहेबांचं खरं होतं, चढ फारच उभा होता. दुसऱ्या रविवारी आम्ही नाल्याच्या काठानं वर सरकलो. एका वळणाशी दोन्ही काठ जवळ आलेले, उतारही मवाळ. पण जिथून निघालो त्या खुणेवर परत येऊन ताळा घेतला, तर आकडे जुळेनात. कुठंतरी वाचण्यात चूक झाली होती.

"अक्का, थोडाच फरक है. कौन देखता?" चेनमन म्हणाले.

"मी बघते ना, चाचा."

ते हसले नाहीत. त्यांनी पट्टी खांद्यावर घेतली आणि पुढच्या रविवारी पहिल्या खुणेपासून पुन्हा उभे राहिले. त्या दिवशी ताळा जुळला.

माणसं मोजायचं काम आत्यानं घेतलं. नाल्याच्या तोंडाशी बसून ती जाणाऱ्या प्रत्येकामागं एक चिंचोका या डब्यातून त्या डब्यात टाकायची. कुणीतरी विचारलं, "कामून बसलीस गं इथं?"

"गाडी यायलीय आपल्याकडं. बसणारे किती ते मोजायलेय."

अजून काहीच ठरलं नव्हतं.

साहेबांनी माझी वही दोन दिवस ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "काढ पुढं." मी वळण घेतलं, नाल्यावर पूल दाखवला आणि रेघ वस्तीच्या मधोमध नेऊन थांबवली. रेघ कुठं खोडावी लागली नाही.

आराखडा बेंगळूरला गेला आणि वर्षभरानं परत आला. ट्रामचा विचार सध्या नाही, एवढंच लिहिलेलं. साहेबांनी पत्र फाइलला लावलं. मी आत्याला चार दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ट्राम न्हाई तर न्हाई. पूल तर करता येतोय की."

मला ते सुचलंच नव्हतं! ट्रामला जमणारा उतार सिटी बसला तर सहज जमला असता. दुसऱ्या दिवशी मी पुलाचा तेवढाच कागद वेगळा काढला, रूळ पुसून रस्ता केला आणि पूल तसाच ठेवला. साहेबांनी सही केली. त्यांची बदली झाली, त्यांच्यानंतर दोन साहेब आले आणि गेले. प्रत्येकाच्या टेबलावर मी तो कागद पुन्हा ठेवला. एकजण वैतागून म्हणाले, "बाई, तुम्हाला दुसरं काम नाही का?" "आहे साहेब. पण आधी हे."

अखेर पूल झाला. पहिल्या दिवशी सिटी बस आली तेव्हा मी आत्याबरोबर पुढच्या बाकावर बसले होते. पूल ओलांडताना चढावर ड्रायव्हरला गिअर बदलावासुद्धा लागला नाही. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसेल. आत्या शेजारणीला सांगत होती, मिल उघडायला अजून वेळ आहे, तोवर कुठंतरी बसून चहा पिऊ.