मिठाच्या गावातली पंचमी

कुंभकोणमला सारंगपाणीच्या देवळामागच्या गल्लीत कुणाला तिथी हवी असली, तर पंचांग उघडायची रीत नाही. कृष्णवेणीबाईंच्या दारात उभं राहायचं आणि विचारायचं. बाई बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवतात आणि तिथी सांगतात. जवळच्या साक्कोट्टै गावचे भटजीसुद्धा जाता जाता खात्री करून घेतात. मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई, तिचं चुकणार कसं?

पण बाईंना एक खोड होती. त्या विचारल्याशिवाय सांगत नसत आणि घरच्या माणसाला तर कध्धीच आठवण करून देत नसत. "सांगून केलं मणजे काय केलं?" असं त्यांचं तंजावरी मराठीतलं म्हणणं. लग्नाचा पहिला वाढदिवस नवरा विसरून गेला, तेव्हा त्यांनी आठ दिवस मुकाट्याने वाढलं. नवरा वेणुगोपाळराव, पोस्टातला साधा माणूस, पण शहाणा. तेव्हापासून रोज सकाळी कॉफीचा डबरा, म्हणजे पितळी वाटी, हातात घेतला की पहिलं विचारायचा, "आज काय विशेष?" बाई पेरं मोजायच्या आणि सांगायच्या. एकोणचाळीस वर्षं संसार झाला, पुन्हा काही चुकलं नाही.

वेणुगोपाळराव गेले ते साथीच्या दुसऱ्या वर्षी, वैशाख वद्य पंचमीला. एकुलता एक मुलगा रघुनंदन तिकडे ऑस्ट्रियात, साल्झबर्गला, आणि विमानं बंद. अग्नी दिला पुतण्याने, साईरामने. पुढची वर्षश्राद्धंही मठात त्यानेच केली. रघूचा त्या सुमाराला फोन यायचा, तो रडायचा, बाई ऐकून घ्यायच्या. त्यांच्या मनात मात्र एकच गोष्ट घर करून होती. मुलगा असताना बापाला पिंड पुतण्याच्या हातचा का?

म्हणून यंदा रघूने तिकीट पाठवलं तेव्हा बाईंनी साईरामला सांगितलं, "या वर्षीं तूं नकों. रघू करील." पेटीत काळे तीळ घेतले, दर्भ घेतले, तांदूळ घेतले. रघूला मात्र चकार शब्द सांगितला नाही. अम्मा नेमकी वैशाखात आली आहे, म्हटल्यावर मुलाला कळायला नको?

बाई साल्झबर्गला पोचल्या; पंचमी शनिवारी आली. शुक्रवारी रघू म्हणाला, "अम्मा, उद्यां सुट्टी. तुला मिठाचा डोंगर दाखवतों." सकाळी उठल्यावर आठवेल, आंघोळीच्या वेळी आठवेल, अशी स्वतःची समजूत घालत त्या पहाटे न्हाल्या आणि उपाशीपोटी गाडीत जाऊन बसल्या. सून हरिणी कामावर होती. गाडीभर रघू बोलत होता आणि बाई खिडकीतून बघत होत्या.

हालस्टाट गाव सुंदर होतं, यात वाद नाही. तळ्याला चिकटून उतरत्या छपरांची घरं आणि मागे उभा कडा. नावेतून पलीकडे गेले, मग दोराने ओढल्या जाणाऱ्या खेचगाडीने डोंगरावर. मिठाच्या खाणीत शिरायला बाईंना लुगड्यावरून निळी विजार आणि डगला चढवावा लागला. अडुसष्टाव्या वर्षी हे सोंग! एरवी त्या स्वतःवरच हसल्या असत्या. आत थंडगार बोगदा. भिंतीला बोट लावून जिभेला लावायला रघूने सांगितलं. बाईंनी बोट लावलं आणि पदराला पुसलं. श्राद्ध झाल्याशिवाय आज जिभेला मीठ लावायचं नव्हतं, हे त्यालाच कळायला हवं होतं.

वाटाड्या सांगत होता, शेकडो वर्षांपूर्वी याच मिठात एक प्रेत सापडलं. हजारो वर्षांचं, पण मिठामुळे टिकलेलं. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. बाईंनी ते रघूकडून दोनदा समजून घेतलं.

बाहेर आल्यावर रघूने अंड्याचा पाव घेतला. "तूं फळं तरी खा." "मला नकों." तो चावत होता आणि बाई त्याचा एकेक घास बघत होत्या. अजून वेळ होता. हात धरून थांबवलं असतं तर पोराने घास थुंकला असता, न्हाला असता, तळ्याकाठी निदान तिलोदक दिलं असतं. बघूया तर, किती विसरतो.

शेवटी गावातल्या चर्चमागे एक कोठडी बघितली. गावात पुरायला जागा कमी, म्हणून पूर्वी काही वर्षांनी थडगं उकरून कवटी काढत, उन्हात वाळवत आणि तिच्यावर नाव रंगवून इथे मांडत. कपाळांवर पानंफुलं, नाव, साल. अशा शेकडो. बाई दारातच थबकल्या आणि दिवसभराचं सगळं तोंडाशी आलं.

"बघ. हे लोक आपल्या मेलेल्यांचीं कपाळं रंगवून ठेवतात. आणि तूं अप्पाच्या तिथीला अंडं खाल्लंस."

रघू पांढराफटक पडला. "आज? अम्मा, अप्पाचा दिवस तीस तारखेला ना? मी रजा घेतली आहे. म्यूनिकचे भटजी सांगून ठेवले. तुला हातानें करून दाखवायचं मणून बोललों नाही."

बाप गेला ती इंग्रजी तारीख. दरवर्षी त्याचा फोन तीस तारखेला यायचा, तिथीला नव्हे, आणि गणिताच्या बाईंना ते कधी दिसलं नव्हतं.

"सकाळींच कां नाही सांगितलंस?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. बाईंनी मुलाची परीक्षा घेतली होती आणि तिच्यात नवऱ्याला उपाशी ठेवलं होतं.

चुकलेलं श्राद्ध अमावास्येला करता येतं, शास्त्रात सोय आहे. रघूने ते केलं, दोन्ही हातांनी, नीट. पण ती सोय विसरलेल्यांसाठी, अडचणीत सापडलेल्यांसाठी. बाई विसरल्या नव्हत्या.

आता त्या कुंभकोणमला परत आल्या आहेत. रघूने दिलेली मिठाची पिशवी फळीवर तशीच आहे, न उघडलेली. गल्लीतली माणसं अजून तिथी विचारायला येतात. आणि रोज साडेदहाला, तिकडे तो उठला की, फोन वाजतो.

"अम्मा, आज काय विशेष?"

बापाचेच शब्द. बाप विचारायचा तेव्हा हसायचा. हा हजेरी घेतल्यासारखा विचारतो, आणि पलीकडे थांबून राहतो. बाई पेरांवरून अंगठा फिरवतात.

"आज काहीं नाही."

"बरं," म्हणून तो फोन ठेवतो.